धुऱ्यापलीकडची नावं

मुक्ताला बरोबर नेऊ नकोस, असं मला तिघांनी सांगितलं. सासूबाईंनी पत्रातून सांगितलं, नवऱ्याने, म्हणजे अनिलने, चहा पिताना सांगितलं, आणि आमच्या संघटनेच्या सचिवांनी नागपूरच्या कार्यालयात सांगितलं. सचिवांना आम्ही सगळे दादा म्हणतो. सासूबाईंना थंडीची भीती होती. अनिलला वाटत होतं की अंगावर पिणारं दहा महिन्यांचं मूल घेऊन खेड्यात मला काम जमणार नाही. दादांचं बोलणं सगळ्यांत गोड होतं आणि मला राग त्याचाच जास्त आला. ते म्हणाले, "तू आता आई झालीस. वर्ष-दोन वर्षं थांब. पुस्तिका दुसरं कोणीतरी लिहील."

पुस्तिका होती धान कापणाऱ्या मजूर बायकांवर. विषय मी सुचवलेला, आराखडा मी केलेला, तोही मुक्ता पोटात असताना. मी दादांना म्हटलं, "पुढच्या रविवारी बैठकीत मजकूर टेबलावर असेल."

"नसला तर?"

"नसला तर द्या दुसऱ्याला. आणि पुढचंही सगळं लिखाण दुसऱ्यालाच द्या."

बोलून बसले.

माझे वडील सोलापूरला छापखान्यात कंपोझिटर होते. उरलेली पत्रकं ते घरी आणत. आमच्या ट्रंकेत कपड्यांखाली पत्रकं, फळीवर डब्यांखाली पत्रकं. मी अक्षरं शिकले ती त्यांवरच, त्यामुळे 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी मला 'निषेध' वाचता येत होतं. अठराव्या वर्षी मी स्वतः पत्रक लिहिलं आणि खाली नाव घातलं. पुढे लग्न झालं, अनिलला फॅक्टरीत नोकरी लागली, आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो आणि मुक्ता झाली. त्यानंतरच्या दहा महिन्यांत मी लिहिलेला मजकूर म्हणजे वाण्याच्या याद्या आणि आईला एक अर्धवट पत्र. दवाखान्यात, दूधकेंद्रावर, फॅक्टरीच्या बसमध्ये मी 'मुक्ताची आई' होते. मूल मला जड झालं होतं असं कोणी समजू नये. मुक्ता मला हवी होती. पण तिच्याआधी जी बाई होती, ती कुठे गेली हे कोणी विचारत नव्हतं, आणि हळूहळू मीही विचारायची थांबले होते.

म्हणून एकोणऐंशी साली दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी एक वही, दोन पेन, बारा दुपटी आणि मुक्ता घेऊन निघाले.

पवनी

भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या एसटीत मुक्ताने माझ्या वहीवर दूध ओकलं. पहिलंच पान. त्यावर मी मोठ्या अक्षरात 'प्रश्नावली' असं लिहिलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने आपल्या पदराने आधी पोरीचं तोंड पुसलं, मग वही पुसली, आणि मला विचारलं, "जेवली का तू?" आमच्याकडे सोलापुरात अनोळखी बाई आधी गाव विचारते, मग माहेर, मग हळूच जात. इकडे आधी जेवण विचारतात. बाकीचं मागाहून सगळं विचारतातच, पण क्रम मला आवडला.

पवनीत डोंगा सुटायला वेळ होता. एका खानावळीत भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्यात शिजवलेले सुके झिंगे मिळाले. भाकरी मागितली तर मालक म्हणाला, "भाकर कायची बाई? ज्वारीची? थे आजारी माणसाले." मी ज्वारीच्या मुलखातली. ज्वारीला आजाऱ्याचं अन्न म्हणणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला. झिंगे मात्र मी दोनदा मागून घेतले.

गावाबाहेर जुन्या स्तूपाची टेकाडं आहेत. तिथे बकऱ्या चारणाऱ्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की इथून निघालेल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत बायकाही आहेत.

"काय नावं आहेत त्यांची?" मी विचारलं.

"आता थे मले वाचता येत असतं तं मी बकऱ्या चारल्या असत्या का?" ते म्हणाले.

वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. डोंगा चालवणारा ढिवर पाठीमागे उभा होता आणि त्याची बायको पुढे बसून डब्याने पाणी उपसत होती. तिचा मुलगा तिच्या पाठीला बांधलेला. नदी संथ, पाणी हिरवट, मधल्या वाळूच्या बेटावर बगळे. बाईने मला विचारलं, "पोट्टीचं नाव काय?" मी सांगितलं. "कितवा महिना?" सांगितलं. "दात निघाले?" सांगितलं. पैलतीर आलं. खानावळीच्या मालकापासून या बाईपर्यंत दिवसभरात मुक्ताचं नाव सगळ्यांनी विचारलं होतं, माझं एकानेही नाही. मी हे वहीत लिहून ठेवलं आणि शेवटी दोन उद्गारचिन्हं दिली.

दिघोरी, पहिली संध्याकाळ

दिघोरीपर्यंतचा शेवटचा तुकडा बैलबंडीतून झाला. दोन्ही बाजूंनी पिवळा धान उभा होता. इकडे शेताच्या प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी मातीचा धुरा असतो आणि त्या तुकड्याला बांधी म्हणतात. एका बांधीला लागून दुसरी, अशा पायऱ्या पायऱ्यांनी तलावापर्यंत.

मी उतरणार होते भागरथाबाईंकडे. त्यांची-माझी ओळख नागपूरच्या मोर्च्यात झालेली. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा नाही, आवाज मोठा. कापणीला जाणाऱ्या पंधरा-सोळा बायकांच्या टोळीच्या त्या म्होरक्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, मुक्ताला पाहिलं आणि आधी मुक्ताला घेतलं. मुक्ता किंचाळली. मी तिला लगेच परत घेतलं.

"कोनाजवळ जात नाई का?"

"नाही. तिला माझीच सवय आहे."

"तिले का तुले?" भागरथाबाई म्हणाल्या आणि पाय धुवायला पाणी आणायला गेल्या.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात टोळीतल्या सात-आठ जणी जमल्या. ओट्यावर एक-दोन सासवा, कडेला विडी ओढणारे दोघे-तिघे पुरुष. मी वही उघडली आणि पहिलीला नाव विचारलं.

"बंडूची माय," ती म्हणाली. बाविशीची असेल. हातात हिरव्या बांगड्या, नाकात मोठी फुली.

"तुमचं स्वतःचं नाव."

"बंडूची माय ना."

दुसरी देवाजीची माय. तिसरीला मूल नव्हतं, तर ती आसगाववाली, म्हणजे माहेर आसगाव. चौथी पुन्हा कोणाची तरी माय. माझा पारा चढला. दहा महिने जे गिळलं होतं ते सगळं वर आलं. मी वही मिटली आणि उभी राहून बोलले. तुम्हाला जन्मतः नाव मिळालं, ते कोणी काढून घेतलं? मूल तुमच्या पोटी आलंय, तुम्ही मुलाच्या पोटी आलेल्या नाही! असं बरंच. बोलताना आवाजाला जुनी धार आली आणि मला फार बरं वाटलं.

देवाजीची माय शेजारणीला म्हणाली, "भासन मस्त देते वो बाई."

भागरथाबाई म्हणाल्या, "देते खरी. पन मुक्ताची माय, तुह्या पोट्टीनं तुह्या लुगड्यावर कारभार केला पाहा. पहिले दुपटं बदल, मंग आमाले बदलजो."

ओट्यावरच्या सासवासुद्धा हसल्या. मी दुपटं बदलायला आत गेले. त्या रात्री वहीत मी लिहिलं, 'गुलामीची इतकी सवय की स्वतःचं नाव सांगायची लाज.' ते वाक्य अजून वहीत आहे. मी खोडलेलं नाही, कारण ज्याने ते लिहिलं त्या माणसाची चूक त्याच्या नावावर राहिली पाहिजे.

दुसरा दिवस: विळा

या दिवसांत धानावर दव असतं, म्हणून कापणी ऊन वर आल्यावरच सुरू होते. बायका बांधीच्या एका कडेला रांगेत बसतात. प्रत्येकीची पात ठरलेली असते, म्हणजे तिने कापत जायची पट्टी. डाव्या हातात धानाचा झुबका, उजव्या हातात विळा, आणि कापलेला मूठमूठ धान मागे वाळत घालत पुढे सरकायचं. उभ्या धानातच आधी लाखोळी पेरलेली असते आणि तिचे बोटभर कोंब वर आलेले असतात. ते न तुडवता बसायचं. सगळ्यांचे हात एका लयीत चालतात. पात मागे पडलेली चालत नाही, कारण एकीची पात मागे राहिली की रांग वाकडी होते.

धुऱ्यावर पळसाच्या झाडाला जुन्या लुगड्यांच्या दोन झोळ्या टांगलेल्या आणि खाली पोत्यावर चार-पाच लेकरं. त्यांच्यात पारबताबाई नावाची पाठीत वाकलेली म्हातारी बसलेली. तिच्याने आता कापणी होत नाही. ती लेकरं राखते आणि संध्याकाळी तिला कापणाऱ्या बाईइतकाच धानाचा वाटा मिळतो. मी हे दोनदा विचारून घेतलं. इतकाच? इतकाच. माझ्या पुस्तिकेत मागणी क्रमांक चार अशी होती: कामाच्या जागी मुलांना सांभाळण्याची सोय हवी. इथे ती होती, आणि कोणी मागितलेली नव्हती.

पारबताबाईंनी मुक्तासाठी हात पुढे केले. "आन इकडे."

"नको, राहू दे, ती रडेल," मी म्हटलं आणि मुक्ताला कडेवर घेऊनच बांधीत उतरले. खांद्यावर वहीची पिशवी. मला काम चालू असतानाच्या नोंदी हव्या होत्या. रांगेच्या मागे मागे फिरत मी पाहत होते. रांगेत त्या बोलत होत्या, एकमेकींना काहीतरी ओरडून सांगत होत्या, हसत होत्या, पण मुक्ता माझ्या कानाशी कुरकुरत असल्याने मला धड ऐकू येत नव्हतं.

मला आदल्या दिवशीच्या त्या तरुण मुलीला विचारायचं होतं की सकाळी घरून निघण्याआधी ती किती काम उरकते. ती माझ्यापासून पाच-सहा पाती पलीकडे होती. मी तिला हाक मारली. वहीत तिचं जे नाव होतं त्याच नावाने, मोठ्याने.

"ओ बंडूची माय!"

तिने झटक्यात मान धुऱ्याकडे वळवली. हात थांबला नाही. विळा धानातून येऊन तिच्या डाव्या हाताच्या करंगळीत गेला.

ती 'माय वो' म्हणून हात छातीशी धरून बसली आणि धानावर रक्त पडू लागलं. पंधरा विळे एकदम थांबले. कोणीतरी धुऱ्यावरून कंबरमोडीचा पाला आणला, हातावर चोळला, रस जखमेत पिळला. भागरथाबाईंनी लुगड्याची चिंधी फाडून करंगळी बांधली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"काहून हाक मारली तिले?"

"विचारायचं होतं."

"बंडूची माय काहून म्हटलं?"

"तुम्हीच सांगितलंत काल! मी नाव विचारत होते तर..."

"काल अंगनात होती ना थे! दीर-सासरे होते तठी. अठी कोनी कोनाची माय नसते, बाई. पातीत बसलेल्या बाईले लेकराच्या नावानं हाक मारली का तिची नजर धुऱ्याकडे जाते. नजर गेली का विळा बोटावर. आमच्या टोळीमंदी हे सात वर्साच्या पोट्टीले बी माईत असते."

कडेवर मुक्ता रडत होती.

"मग इथे काय म्हणता?" मी विचारलं.

"आपआपल्या नावानं. हे शेवंता. थे कौसल्या. तिकडे गिरजा. आई-बापानं ठेवलं थे नाव. धुरा ओलांडला का दुसरं नाव चालतच नाई."

शेवंता. तिचं नाव मला असं कळलं, तिच्या रक्तासकट.

त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं नाही. दुपारच्या जेवणाला त्यांनी मला वाढलं, पण वहीकडे बघून सगळ्या गप्प. दोन दिवसांचा मजकूर म्हणजे एक भाषण आणि एक अपघात. रविवारी टेबलावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. संध्याकाळी मी भागरथाबाईंना म्हटलं, "मी उद्या परत जाते."

त्या चूल पेटवत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "अन् शेवंताची पात कोन कापन?"

"मी?"

"मंग कोन? पात रिकामी ज्यानं केली त्यानं भरावाची. दोन दिवस. मंग जाजो."

तिसरा दिवस: पात

माझी अडचण विळ्याची नव्हती. तीही होती, पण ती सगळ्यांना दिसत होती. खरी अडचण कडेवर होती. पातीत बसायचं तर मुक्ताला पारबताबाईंकडे द्यावं लागणार होतं, आणि दहा महिन्यांत मी तिला अनिलखेरीज कोणाकडे तासभरही दिलेलं नव्हतं. सासूबाईंनी मागितली तेव्हा दिली नाही. शेजारी मागितली तेव्हा दिली नाही. मला वाटायचं, हे प्रेम आहे. वाटायचं, लोक मला मुक्ताची आई करून सोडतायत. धुऱ्यावर उभं राहून मी दोन्ही वाक्यं एकापुढे एक ठेवली तेव्हा ती एकत्र बसेनात. मला आईपुरतं कोणी केलं होतं, याच्या उत्तराचा काही भाग माझ्या कडेवर बसलेला होता आणि मुक्ताला तिथे घट्ट धरणारा हात माझा होता.

मी मुक्ताला पारबताबाईंच्या मांडीवर ठेवलं. ती किंचाळली. मी वळले, धुरा ओलांडला, शेवंताच्या पातीत बसले. मुक्ता किंचाळतच होती. चार मुठी कापल्या आणि उठून पळत गेले.

"काहून आली?" पारबताबाई म्हणाल्या. "मी बलावली का तुले?"

"रडतेय ती."

"रडू दे. थे तिचं काम करून राहिली, तू तुह्यं कर. भूक लागली का बलावीन. इंचू-काटा असला का बलावीन. बाकी येजो नको."

परत गेले. पुन्हा दहा मिनिटांनी उठले. या वेळी रांगेतून भागरथाबाईंचा आवाज आला, "वसुधे! खाली बस!"

ना बाई, ना ताई. सोलापूर सोडल्यापासून मला अशी नुसत्या नावाने, खड्या आवाजात हाक कोणी मारली नव्हती. मी खाली बसले.

कापणी मला येत नव्हती हे सांगायला नको. मी धान वरून कापत होते. "वसुधे, खालून घे, बैलानं काय खावाचं?" मूठ सैल धरत होते. "वसुधे, मूठ हाय का झाडू?" माझी पात मागे पडली तेव्हा उजवीकडच्या कौसल्येने आणि डावीकडच्या गिरजेने न बोलता माझ्या पट्टीतला धान आपल्याकडे ओढून घेतला आणि रांग सरळ ठेवली. कंबर मोडली. पायाखालचे लाखोळीचे कोंब मी इतके तुडवले की गिरजा म्हणाली, "यंदा या बांधीत लाखोळी नाई, वसुधीचे पाय उगवतीन."

आणि मग कधीतरी, ऊन डोक्यावर यायच्या आधी, माझ्या लक्षात आलं की रडणं थांबलंय. कधी थांबलं ते कळलं नव्हतं. मी मुक्ताचा विचार न करता सलग काहीतरी करत होते. खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला नाही. आधी मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग पारबताबाईंनी हाक मारली, "वसुधेऽ, भुकेली वो!" आणि मी धुऱ्याकडे गेले. मुक्ता शेवंताच्या मांडीवर बसून तिच्या चिंधी बांधलेल्या करंगळीकडे अगदी गंभीरपणे पाहत होती. मी पाजायला घेतलं तेव्हा तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, चिडल्यासारखं, आणि मग पिऊ लागली.

मी शेवंताची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या. दोन दिवस बसाले भेटलं." मग म्हणाली, "तुमची वही आना. मी सांगतो तुमाले, पहाटपासून काय काय करावा लागते थे."

ती सांगत गेली आणि मी एका हाताने मुक्ताला धरून दुसऱ्या हाताने लिहीत गेले. जेवायच्या सुट्टीत बाकीच्या आल्या. लिहिण्याआधी मी प्रत्येकीला नाव विचारलं, धुऱ्यापलीकडचं, आणि पुस्तिकेत छापू का तेही विचारलं. कौसल्या म्हणाली छापा. गिरजा म्हणाली, "माह्यं नको. सासरा वाचते." मग शेवंताने विचारलं, "माह्यं नाव कसं दिसते?" मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "लहानच हाय. छापा."

बंडूला पारबताबाईंनी झोळीतून खाली उतरवलं तर तो रांगत येऊन शेवंताला चिकटला. ती त्याला म्हणाली, "ये, बंडूच्या मायच्या मांडीवर ये." स्वतःलाच म्हणाली. तिला दोन्ही नावं चालत होती. फक्त कुठलं कुठे वापरायचं, याबद्दल ती आणि तिच्या टोळीतल्या बायका फार कडक होत्या.

चौथ्या दिवशीही मी पातीत बसले. माझी पात तेव्हाही मागेच होती. निघताना भागरथाबाईंनी नव्या तांदळाची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "कापनी नाई जमली तुले. लिहिनं तरी नीट लिहिजो."

परत

मजकूर दोन दिवसांत झाला. रविवारी अनिल आमच्याबरोबर नागपूरला आला आणि मुक्ताला घेऊन माकडं दाखवायला महाराजबागेत गेला. बैठकीत मी सगळं वाचून दाखवलं. मागणी क्रमांक चार बदलली होती. आता ती अशी होती की लेकरं राखणारी बाई ही मजूरच धरावी, तिचा वाटा तोडू नये. दादांना मजकूर आवडला. ते म्हणाले, "लेखकाचं नाव नको. संघटनेतर्फे म्हणू. तुला आता नेहमी जमेलच असं नाही, म्हणजे पुढे प्रश्न नको."

मी म्हटलं, "आत कौसल्येचं नाव आहे. शेवंताचं आहे. ज्यांना घरी मार बसू शकतो त्यांनी नावं दिली. मग लिहिणारीचं का नको? चूक निघाली तर कोणाला धरणार?" थोडा वाद झाला. नाव राहिलं. दादा वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना फक्त असं वाटत होतं की बाईला मूल झालं की तिच्या जागी कोणीतरी बसवावं लागतं. तिच्या पातीतलं काम दोन्ही बाजूंनी ओढून घेऊन रांग सरळ ठेवता येते, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

राहिली मुद्रितं. ती भंडाऱ्याच्या छापखान्यात बसून तपासायची होती, पुढच्या आठवड्यात दोन दुपारी. अनिलची दुसरी पाळी. मुक्ताला घेऊन छापखान्यात बसणं शक्य नव्हतं. शाई, खिळे, सगळं तिच्या हाताशी. म्हणून सोमवारी सकाळी मी समोरच्या क्वार्टरचं दार वाजवलं. तिथे राहणारी बाई तुमसरकडची, तिला दोन वर्षांचा पिंटू. मुक्ता झाली तेव्हापासून तीनदा तरी तिने, "ठेवा ना माझ्याजवळ घंटाभर," असं म्हटलं होतं आणि मी तीनदा नको म्हटलं होतं.

आतून पावलं आली. तिला काय म्हणून हाक मारायची म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला तिचं नाव माहीत नाही. दीड वर्षं समोरासमोर राहून, साखर, सुई-दोरा, दवाखान्याचा रस्ता, सगळं देऊन-घेऊन, मी तिला पिंटूची मम्मी म्हणत होते.

दार उघडलं. मी आधी नाव विचारलं. ती हसली, मग तिला वाटलं मी कुठला अर्ज भरतेय.

"सरोज," ती म्हणाली. "काहून?"

मी सांगितलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन तास. त्याच्या बदल्यात सोमवार आणि गुरुवार मी पिंटूला ठेवीन. वाटा सारखा. तुम्हाला त्या वेळात काय करायचं असेल ते करा. शिवणाचा वर्ग आहे, भंडाऱ्याला वाचनालय आहे, बी.ए.चा बाहेरून फॉर्म भरता येतो, मी आणून देते. मी बोलत गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मले काहीच नाई करायचं," सरोज म्हणाली.

"काहीच?"

"दार लावून बसीन. कोनी हाक मारनार नाई असे दोन घंटे पाहिजे मले. बस."

माझ्याकडे याच्यावर बोलण्यासारखं एक अख्खं पत्रक तयार होतं. मी ते बोलले नाही. त्या दिवशी सोमवारच होता, म्हणून मी पिंटूला कडेवर घेतलं आणि घरी आणलं. मागे सरोजने आतून कडी लावल्याचा आवाज आला.